‘तू तिथंच असतेस ना, मग सांग की!’

प्रश्न

पत्र लिहिणाऱ्या ताई एका जिल्ह्याच्या ठिकाणी खासगी रुग्णालयाच्या आयसीयूत स्टाफ नर्स आहेत. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, त्यांचेही आणि रुग्णाचेही.) त्यांच्या सासरच्या गावातली, मागच्याच गल्लीतली एक तरुण विवाहित मुलगी फवारणीचं औषध प्यायल्यामुळे रात्री दाखल झाली आणि काही दिवस व्हेंटिलेटरवर होती. पहिल्या रात्रीपासूनच ताईंना घरून फोन येऊ लागले. सासूबाई, जाऊ, चुलत सासरे, सगळ्यांचं एकच : “तू तिथंच असतेस ना, मग सांग की! काय प्यायली? कशावरून प्यायली? वाचणार का?” ताई एवढंच म्हणाल्या, “मला ते सांगता येणार नाही.” सासूबाईंनी बोलणं टाकलं. “परक्यांकडून कळतं आणि घरची सून तोंडाला कुलूप लावून बसते,” हे वाक्य ताईंच्या कानावर आलं.

चार दिवसांत गावाला सगळं कळलंच. औषध कोणतं, बेड कोणता, केस कापावे लागले, हात बांधून ठेवलेत. तोंडात नळी असलेला फोटोही फिरला. तो वॉर्डातल्याच एका ज्युनिअर ब्रदरने (पुरुष नर्सने) काढलेला होता. रात्री घरी असलेल्या डॉक्टरांना व्हेंटिलेटरचा स्क्रीन दिसावा म्हणून त्याने तो स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. कोपऱ्यात मुलीचा चेहरा आला होता आणि डोक्यामागच्या पाटीवर तिचं नाव. ग्रुपमधून तो बाहेर कोणी पाठवला, ते कुणालाच माहीत नाही.

आता मुलीची नळी निघाली आहे आणि दोन-तीन दिवसांत ती घरी जाईल. तिने ताईंना विचारलं, “सिस्टर, गावात कळलंय का?” ताई म्हणाल्या, “नाही गं, तू आराम कर.”

ताई लिहितात : “मी गप्प बसून काय मिळवलं? घर दुखावलं आणि तिचं काही झाकलंही गेलं नाही. ब्रदरचं नाव मेट्रनना (नर्सिंग विभागाच्या प्रमुखांना) सांगू का? मुलगा कामाला चांगला आहे, घरी पैसे पाठवतो, त्याची नोकरी जाईल. आणि खरं सांगू का, आमच्याकडे पडदा ओढायलाही वेळ नसतो. बेशुद्ध माणसाला कसली आली लाज? आम्ही जीव वाचवायचा की हे बघत बसायचं? कधी कधी वाटतं, आयसीयूच सोडावं.”

उत्तर

ताई, तुमच्या प्रश्नांपैकी एकालाच मुदत आहे. ती मुलगी घरी जायच्या आत तिला खरं सांगायला हवं. म्हणून तेवढं उत्तर मी तुम्हाला फोनवर आधीच दिलं. इथे सगळं सविस्तर लिहिते आहे ते तुमच्यासारख्याच पेचात सापडलेल्या इतर सिस्टर-ब्रदरांसाठी.

‘नाही गं’ तुम्ही मायेपोटीच म्हणालात. नुकतीच नळी निघालेली, घसा बसलेला, अंगात उभं राहायचंही त्राण नाही, अशा पोरीला ‘हो, गावभर झालंय’ असं कोण सांगेल? त्या क्षणी तुम्ही सांगितलं नाही यात मला काही वावगं दिसत नाही. पण ती हे का विचारते आहे, त्याकडे जरा बघा. तिला त्याच गल्लीत परत जायचं आहे. नळावर, किराणा दुकानात, देवळात कोण कसं बघेल याचा ती अंदाज घेते आहे. तुमच्या ‘नाही’वर विश्वास ठेवून ती घरी गेली, तर कोणीतरी पहिल्याच आठवड्यात तिच्यासमोर तो फोटो धरेल, आणि तेव्हा तिच्याजवळ आपलं असं कोणी असेलच असं नाही. जीव द्यायच्या प्रयत्नातून वाचलेल्या माणसासाठी रुग्णालयातून सुटल्यानंतरचे पहिले आठवडे सर्वांत जोखमीचे असतात. त्या काळात असा धक्का तिला एकटीला बसू देणं बरं नाही.

तुम्ही मात्र एकट्याने सांगू नका. मानसोपचार तज्ज्ञांना रेफरन्स गेला नसेल, तर इनचार्ज सिस्टरमार्फत डॉक्टरांकडे तो आधी मागा. विष घेतलेला रुग्ण शरीराने बरा झाला की थेट डिस्चार्ज मिळतो आणि मनाचं कोणी विचारतच नाही, हे आपल्याकडे फार होतं. तज्ज्ञ किंवा समुपदेशक आणि तुम्ही, असे दोघं तिच्याजवळ बसा. नातेवाइकांना बाहेर थांबवा, पडदा ओढा. मग सरळ सांगा : “त्या दिवशी तू विचारलंस तेव्हा मी नाही म्हणाले. ते खरं नव्हतं. गावात कळलं आहे. तुझा एक फोटो आमच्या स्टाफच्या ग्रुपमधून बाहेर गेला. ती आमची चूक आहे, त्यात तुझा काहीही दोष नाही.” एवढं बोलून थांबा. ती रडेल, चिडेल किंवा भिंतीकडे तोंड करून पडून राहील. यातलं काहीही झालं, तरी लगेच समजूत काढायची घाई करू नका.

थोड्या वेळाने तिला विचारा, आणि हे विचारणं सांगण्याइतकंच महत्त्वाचं आहे. घरी कोणाकडे जायचंय, सासरी की माहेरी? पुढची माहिती डॉक्टरांनी कोणाला द्यावी? गावात कोणी विचारलं तर घरच्यांनी काय सांगावं? फोटोबद्दल तक्रार करायची आहे का? तक्रारीचा विचार तिच्या मनात तुम्ही भरवायचा नाही आणि तिला त्यापासून परावृत्तही करायचं नाही. तिचा हक्क आहे, एवढं तिला माहीत असलं म्हणजे झालं. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा नंबर तिला कागदावर लिहून द्या. तो सरकारी आहे, पैसे लागत नाहीत आणि तिथे मराठीत बोलता येतं. घरातली कीटकनाशकं हलवायची किंवा कुलपात ठेवायची, हे घरच्या कोणत्या माणसाला सांगितलेलं तिला चालेल, तेही तिलाच विचारा.

इथे मला आयसीयूत वर्षानुवर्षं चालत आलेल्या एका सवयीबद्दल बोलायचं आहे. रुग्ण बेशुद्ध असतो तेव्हा आपण नवऱ्याशी, मुलाशी, वडिलांशी बोलतो. ते बरोबरच आहे, निर्णय कोणीतरी घ्यायचाच असतो. पण रुग्ण शुद्धीवर आल्यानंतरही आपण नवऱ्याशीच बोलत राहतो. राउंडला डॉक्टर तिच्या बेडशी उभे राहून तिच्या डोक्यावरून तिच्या सासऱ्यांना सांगतात, ‘आता ठीक आहे, उद्या शिफ्ट करू.’ शुद्ध आली की तिच्याबद्दलची माहिती कोणाला द्यायची हे ठरवायचा हक्क तिच्याकडे परत येतो. विषबाधेच्या प्रकरणात तर सासर आणि माहेर वेटिंग रूमच्या दोन कोपऱ्यांत तोंडं फिरवून बसलेली असतात. तिथे या एका गोष्टीवर पुढचं बरंच काही ठरतं. मी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात काम करायचे, तेव्हा नळी निघालेल्या रुग्णाला पहिला प्रश्न हाच विचारायचे : ‘तुमच्याबद्दल मी कोणाशी बोलू?’ कित्येकदा अगदी वेगळंच नाव पुढे यायचं. धाकटी बहीण, मैत्रीण, शेजारच्या काकू. जी माणसं आठवडाभर बाहेर बसून होती त्यांच्यातलं कोणीच नाही.

आता त्या ब्रदरबद्दल. हा फोटो त्याने वाईट हेतूने काढला नाही, हे तुमच्याच पत्रातून स्पष्ट दिसतं. रात्री कन्सल्टंट घरी असतात, आरएमओला, म्हणजे ड्यूटीवरच्या निवासी डॉक्टरला, व्हेंटिलेटरच्या सेटिंगबद्दल विचारायचं असतं, स्क्रीन किंवा एबीजीचा (रक्तातल्या वायूंच्या तपासणीचा) रिपोर्ट फोनवर वाचून दाखवण्यापेक्षा फोटो चटकन पोचतो. अशा फोटोंनी जीव वाचतात. त्यामुळे ‘आयसीयूत फोनच बंद’ असला फतवा मला मान्य नाही. तो दोन दिवस टिकेल आणि मग सगळे लपून फोटो काढतील. पण त्या फोटोत चेहरा यायची गरज नव्हती, पाटी यायची नव्हती, आणि ज्या एका डॉक्टरला तो हवा होता त्याच्याऐवजी तो सगळ्या स्टाफला जायची तर मुळीच नव्हती. त्यातले किती जण त्या रात्री तिच्यावर उपचार करत होते?

तुमच्यापुढे तीन वाटा दिसतात. गप्प राहायचं, थेट मेट्रनकडे जायचं, किंवा आधी त्याच्याशी बोलायचं. गप्प राहणं मी बाजूला ठेवते, कारण हे प्रकरण तुमचं आणि त्याचं नाही, त्या मुलीचं आहे. तिचा फोटो कसा बाहेर गेला हे रुग्णालयाला कळायलाच हवं. थेट मेट्रनकडे गेलात तर नियमाने बरोबर ठरेल, पण मला भीती वाटते ती अशी की सगळं खापर पोरावर फुटेल. त्याला काढतील, ‘कारवाई केली’ असं कागदावर येईल, आणि ज्यांनी तो ग्रुप चालवला, ज्यांनी ‘फोटो टाक रे ग्रुपवर’ म्हणून रोज सांगितलं, ते तसेच राहतील. म्हणून त्याला आजच एकट्याला चहाला न्या. काय झालं ते सांगा. ती मुलगी काय विचारत होती तेही सांगा, कारण त्याला ते ठाऊक नसेल. ग्रुपवरचा आणि गॅलरीतला फोटो त्याला डिलीट करायला लावा, पण तो कधी आणि कुठे टाकला होता याची नोंद आधी करून ठेवा, चौकशीला ती लागेल. मग इनचार्ज सिस्टरकडे त्यालाच जाऊ दे, तुम्ही सोबत जा. तो तयार झाला नाही तर तुम्ही जा, आणि त्याला सांगून जा.

लेखी द्याल तेव्हा घडलं तसं लिहा. फोटो कशासाठी काढला, ग्रुप कोणाच्या माहितीने चालतो, त्यात कोण कोण आहे, फोटो टाकायची पद्धत कधीपासूनची आहे. ‘याने फोटो व्हायरल केला’ असं लिहू नका, कारण तुम्हाला ते माहीत नाही. नाव विचारलं तर खरं सांगा. तुम्हाला चुगलखोर म्हणतील ही भीती मी नाकारत नाही. काही दिवस जेवणाच्या सुट्टीत तुमच्याशेजारी कोणी बसणार नाही, असंही होईल. तरीही मला वाटतं, नऊ-दहा वर्षं आयसीयूत काढलेल्या बाईने हे बोलायचं नाही तर काल रुजू झालेल्याने बोलायचं का?

तुमच्या पत्रात एक गृहीतक आहे, ते मला हळुवारपणे उचलून बघायचं आहे. तुम्ही घरच्यांना काही सांगितलं नाहीत, आणि तेवढ्यावर आपली जबाबदारी पार पडली असं तुम्हाला वाटत होतं. म्हणजे गुपित राखायचं ते बाहेरच्यांपासून. आत सगळे आपलेच. पण बातमी आतूनच गेली. माझ्या मते ‘आतले’ आणि ‘बाहेरचे’ ही रेघ आयसीयूच्या दारावर नसते. या रुग्णाच्या उपचारासाठी ही माहिती या माणसाला लागते का, एवढीच कसोटी. तुमच्या शिफ्टच्या पुढच्या सिस्टरला ती लागते. रात्रीच्या आरएमओला लागते. शेजारच्या बेडच्या सिस्टरला कोणतं औषध प्यायली हे लागत नाही. डायलिसिसच्या टेक्निशियनला, विम्याचं काम बघणाऱ्या टीपीए डेस्कवरच्या मुलाला, शिफ्टिंगच्या मामांना ‘नवऱ्याशी भांडून प्यायली’ हे तर मुळीच लागत नाही. सासूबाईही त्याच रांगेत आहेत, म्हणून तुमचं उत्तर बरोबर होतं. फक्त त्या रांगेत आपल्या वॉर्डातली निम्मी माणसंही उभी आहेत, हे लक्षात यायला हवं.

हीच कसोटी लावून एक शिफ्टभर आपल्या वॉर्डाकडे बघा. सकाळचा ओव्हर, म्हणजे शिफ्ट बदलताना रुग्णाची माहिती सोपवणं, बेडच्या पायथ्याशी, खड्या आवाजात चालतो. तिथे नाव, वय, गाव, निदान आणि वर ‘हिस्ट्री’ म्हणून घरातलं भांडणही सांगितलं जातं, आणि सकाळच्या भेटीसाठी शेजारच्या बेडचे नातेवाईक तिथेच उभे असतात. काउंटरवरचा फोन कानाशी धरून कन्सल्टंटना रिपोर्ट वाचून दाखवला जातो, त्याच वेळी दार उघडतं आणि वेटिंगमधले सगळे कान टवकारतात. भिंतीवरच्या पाटीवर नावाशेजारी निदान लिहिलेलं असतं. कशाला? बेड नंबर आणि कन्सल्टंटचं नाव पुरतं, निदान केस पेपरवर आहेच. काही ठिकाणी एचआयव्ही असलेल्या रुग्णाच्या बेडला वेगळं स्टिकर लावतात. हातमोजे वगैरे सार्वत्रिक खबरदारी सगळ्यांच्याच बाबतीत घ्यायची असते, त्यामुळे त्या स्टिकरने स्टाफचं संरक्षण काही वाढत नाही, रुग्णाची मात्र शोभा होते. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यातही ही माहिती रुग्णाच्या संमतीशिवाय उघड करायला मनाई आहे, आणि उपचारासाठी गरज असेल तर एका आरोग्य कर्मचाऱ्याने दुसऱ्याला ती देण्याची मुभा आहे. कसोटी तीच.

‘बेशुद्ध माणसाला कसली लाज?’ हे तुम्ही रागाने, थकव्याने लिहिलंय हे मला कळतं. तरी उत्तर देते. एक तर बेशुद्धी नेहमी पूर्ण नसते. गुंगीच्या औषधांखाली असलेल्या अनेकांना आजूबाजूचं बोलणं तुटक-तुटक ऐकू येतं, नंतर आठवतं, कधी भासांमध्ये मिसळून भलतंच होऊन आठवतं. फवारणीच्या औषधाच्या बऱ्याच विषबाधांमध्ये उतारा म्हणून ॲट्रोपिन द्यावं लागतं. ते चढलं की रुग्ण बडबडतो, चादर फेकतो, अंगावरचे कपडे ओढतो, म्हणूनच तिचे हात बांधले असणार. अंगावर आणि केसांत औषध सांडलेलं, म्हणून कपडे काढून साबणाने धुवावं लागलं असणार आणि केस कापावे लागले असणार. तुमच्यासाठी हा रोजचा उपचार आहे. गावात मात्र त्याचं ‘वेड लागलं होतं, बांधून ठेवली होती, टक्कल केलं’ असं झालं. आणि तिला पुढची कित्येक वर्षं त्याच गावात राहायचं आहे.

दुसरं कारण मला अधिक महत्त्वाचं वाटतं. जनरल वॉर्डात बाई आपला पदर आपण सावरते, नको असलेल्या माणसासमोर बोलणं थांबवते, कूस बदलते. आयसीयूत तोंडात नळी, हात बांधलेले, अंगावर एक चादर. तिला स्वतःसाठी यातलं काहीच करता येत नाही. मग ते सगळं काम तिच्या बेडशी उभ्या असलेल्या माणसाकडे येतं. सक्शन जसं तुम्ही तिच्या वतीने करता, कारण तिला खोकून कफ काढता येत नाही, तसंच हेही.

त्या बडबडीबद्दल एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. ॲट्रोपिनच्या नशेत रुग्ण घरातलं काहीबाही बोलतात, नावं घेतात, शिव्या देतात. तो वॉर्डाच्या गप्पांचा विषय नाही. पण ‘मला पाजलं’, ‘मला मारलं’ असं काही ऐकलंत तर ते मनात ठेवायचं नाही. लगेच डॉक्टरांना सांगायचं आणि शब्द जसेच्या तसे, वेळ घालून नोंदवायचे. एमएलसी (पोलिसांना कळवावी लागणारी मेडिको-लीगल केस) म्हणून पोलिसांना कळवणं हाही विश्वासघात नाही, ती रुग्णालयाची कायदेशीर जबाबदारी आहे. त्या भीतीने कुटुंबं ‘उलट्या-जुलाब झाले’ असं सांगतात आणि डॉक्टरांना चुकीची माहिती मिळते. त्यांना हे समजावून सांगा की २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरायला सांगितलं आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नासाठीचं जुन्या भारतीय दंड संहितेतलं ३०९ कलम राहिलेलंच नाही.

वेळेचं म्हणाल तर तुमची तक्रार रास्त आहे. हृदय बंद पडलेल्या माणसाभोवती कोणी आधी पडदा शोधत बसू नये. रात्री तीन व्हेंटिलेटर एकीच्या माथी असतील तर ती काय काय बघणार? पण पहाटेचं स्पंजिंग, कॅथेटरची काळजी, बेडपॅन, पेशंट कुशीवर करणं ही आणीबाणीची कामं नाहीत, आणि त्यांत पडदा ओढायला लागणारा वेळ खरोखर क्षणाचा असतो. बऱ्याचदा अडचण वेळेची नसतेच, पडदाच नसतो. धुवायला गेलेला महिनाभर येत नाही, आणि मग कोणाला तो आठवतही नाही. हे तुम्ही मॅनेजमेंटकडे लेखी मागा. पडदा येईपर्यंत दोन चादरी वापरा, एक अंगावर राहू द्या, दुसरीखालून जेवढा भाग लागेल तेवढाच उघडा करा. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला हे शिकवलेलं असतं.

फोटोंसाठी वॉर्डात ठरवून घ्यायच्या गोष्टी साध्या आहेत. शक्य असेल तिथे रुग्णालयाचाच एक फोन वापरायचा. फ्रेममध्ये फक्त स्क्रीन किंवा रिपोर्ट घ्यायचा, नाव कापायचं. ज्याला हवा त्याच डॉक्टरला पाठवायचा. व्हॉट्सॲपमधलं फोटो आपोआप गॅलरीत जाण्याचं सेटिंग बंद करायचं, नाहीतर घरी मुलं गेम खेळायला फोन घेतात आणि फोटो त्यांच्यासमोर येतो. काम झालं की डिलीट. आणि ‘नाव कापलं म्हणजे झालं’ या समजुतीवर विसंबू नका. तालुक्याच्या गावात ‘चोवीस वर्षांची, अमुक गावची, परवा रात्री आलेली’ एवढ्यावरून लोक घर शोधून काढतात.

कायदा तुमच्या बाजूने आहे, हेही माहीत असू द्या, कारण मेट्रनशी बोलताना त्याचा आधार होतो. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत ओळख पटेल असा रुग्णाचा फोटो परवानगीशिवाय प्रसिद्ध करायला बंदी आहे. मानसोपचार तज्ज्ञांनी पाहिलेल्या रुग्णाच्या माहितीला मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयता दिली आहे आणि त्यात इलेक्ट्रॉनिक स्वरूपातली माहितीही येते. पण यातलं काहीही माहीत नसलेल्या काळापासून तुमच्या पेशात ही गोष्ट आहे. लॅम्प लायटिंगच्या, म्हणजे नर्सिंगच्या शपथविधीच्या दिवशी हातात दिवा घेऊन तुम्ही जी नाइटिंगेल शपथ घेतलीत, ती १८९३ ची. कामाच्या ओघात कळलेल्या रुग्णाच्या खासगी आणि घरगुती गोष्टी राखीन, असं वचन तिच्यात आहे. ‘घरगुती’ हे त्यात मुद्दाम घातलेलं आहे.

आता तुमचं घर. सासूबाई रागावल्या त्या तुम्ही लपवलंत म्हणून, असं तुम्हाला वाटतं. मला वेगळी शंका येते. गल्लीत बायका त्यांना विचारत असतील, “तुमची सून तिथंच ना, काय म्हणते?” आणि त्यांच्याकडे सांगायला काही नव्हतं. चारचौघींत त्यांचा मान गेला. म्हणून त्यांना माहितीऐवजी एक ठसठशीत उत्तर द्या, जे त्या ताठ मानेने सांगू शकतील : “आमची सून दवाखान्यातलं कुणाचंच घरी सांगत नाही. तुमच्या घरचं कोणी तिथं असतं तरी आम्हाला कळलं नसतं.” हे ऐकून विचारणारीलाही आत कुठेतरी बरं वाटतं, बघा. सासूबाईंशी एकट्याने बोला. त्यांच्या पिशवीच्या ऑपरेशनचं, त्यांच्या एखाद्या रिपोर्टचं गावात कोणाला कळलेलं त्यांना आवडलं असतं का, हे चढ्या आवाजात न विचारता विचारा. त्यांना समजेल. आणि चौकशी करणारे सगळेच काही चघळायला विचारत नाहीत. कोणाला डबा न्यायचा असतो, कोणाला तिच्या लेकराला सांभाळायचं असतं. त्यांना म्हणा, “तिच्या घरी जाऊन विचारा काय हवंय.” ‘मला काही माहीत नाही’ असं मात्र म्हणू नका. ते खोटं आहे हे गावाला ठाऊक असतं आणि तुमचा शब्द हलका होतो. ‘सांगता येणार नाही’ हेच बरं.

तुमच्या गप्प बसण्याला अर्थ होता का? होता. ती मुलगी शुद्धीवर आल्यावर गावाचं विचारायला तुमच्याकडेच आली. तिथे सहा-सात माणसं रोज तिच्याभोवती वावरत होती. तिने निवडलं ते तुम्हाला.

आयसीयू सोडायचं की नाही, हे या आठवड्यात ठरवू नका. फोटोचं प्रकरण मार्गी लागेपर्यंत तुमचं तिथे असणं गरजेचं आहे, आणि इतक्या थकव्यात घेतलेला निर्णय दमणुकीचाच असतो. त्याआधी इनचार्ज सिस्टरकडे एक मागणी करा : गावातला, नात्यातला, ओळखीचा रुग्ण आला तर ड्यूटी लावताना तो बेड शक्यतो तुम्हाला देऊ नये, दुसरीला द्यावा. लहान ठिकाणी हे दर वेळी जमणार नाही. पण जेव्हा जमेल तेव्हा घरून फोन आला, तर “तो पेशंट माझ्याकडे नाही” हे तुम्ही खरेपणाने सांगू शकाल. महिन्याभराने तुमच्या मनाची काय स्थिती आहे ते मला पुन्हा लिहा. बदलीचं तेव्हा बोलू.